रिकाम्या ग्लासातला धूर

काचमावशीने जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, आणि तरीही त्या हॉटेलात कुणी काय प्यायलं हे तिच्याइतकं कुणालाच कळत नसे. पिणाऱ्यालासुद्धा नाही. पिणाऱ्याचं काय घेऊन बसलात, दुसऱ्या पेगनंतर त्याला काहीही द्या, तो मान डोलावतो. मावशीच्या हातात ग्लास यायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी, तासन्‌तास उघडा राहून वाळलेला, तळाशी पिवळसर डाग धरून बसलेला. ती तो नाकाशी न्यायची, एकदाच श्वास घ्यायची आणि ठरवायची, डावीकडे की उजवीकडे.

डावीकडे धुराचे ग्लास, उजवीकडे बिनधुराचे. सव्वीस वर्षं ती हेच करत होती. बारच्या पाठीमागे एक अरुंद खोली, दोन सिंक, गल्लीत उघडणारी एक खिडकी, भिंतीला लाकडी फळ्या. बस्स, एवढंच तिचं राज्य. पण त्या राज्यात कायदा कडक. धुराच्या ग्लासांना साबण लावायचा नाही, तीनदा कढत पाणी, मग फळीवर उपडे. आणि फडकं कुठल्याच ग्लासाला लावायचं नाही, कारण फडक्याला हातांचा वास असतो आणि तो काचेला चिकटतो, असं तिचं ठाम मत. नवा वेटर घाईत फडकं घेऊन ग्लासाकडे वळला की ती ओरडायची नाही, नुसती त्याच्याकडे बघायची. तेवढं पुरे व्हायचं.

धुराची व्हिस्की म्हणजे काय, हे तिला दादाने सांगितलं होतं. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ आणि त्याच बारचा बारमन. दूर कुठल्या थंड बेटावर म्हणे दलदलीतली माती कापून वाळवतात, तिला पीट म्हणतात, ती चुलीत घालतात आणि तिच्या धुरावर जव वाळवतात. तो धूर दारूत उतरतो तो जन्माचा. मावशीला वाटलं, नवीन आहे म्हणून दादा आपली फिरकी घेतोय. मातीचा धूर माणसं हौसेने पितात, यावर कोण विश्वास ठेवणार? पण दुसऱ्याच दिवशी तसा एक वाळलेला ग्लास तिच्या हाती आला, तिने तो हुंगला आणि ती जागच्या जागी खिळली. तो वास तिच्या ओळखीचा होता. लहानपणच्या खोलीतला.

आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायची. कोळशाची जड इस्त्री, त्यातून उठणारा तो कडवट धूर, खाली ओलसर सुती कापड. मावशी तेव्हा सहा वर्षांची, टेबलाखाली बसलेली. गाठोडी एकमेकांत मिसळली की आई शर्ट खाली सरकवायची आणि ही हुंगून सांगायची, हा मास्तरांचा, हा औषधवाल्याचा. दादा सात वर्षांनी मोठा. तो कपडे घरोघर पोचवायचा. दादाने पत्ते लक्षात ठेवायचे आणि हिने वास, अशी कामाची वाटणी. पण व्हिस्कीच्या ग्लासात आई सापडते, हे सांगणार कुणाला? लोक हसले असते. मावशीने ते कधी कुणाला सांगितलं नाही, दादालाही नाही.

तिचा नवरा बसच्या गॅरेजात मेकॅनिक. तो दारातून आत यायच्या आधीच ही स्वयंपाकघरातून विचारायची, आज ब्रेकचं तेल सांडलं का अंगावर? तो म्हणायचा, लग्न केलंय की पोलिसांचं कुत्रं आणलंय घरात. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांत हीच गोष्ट छाती फुगवून सांगायचा.

तर आता बाटलीची गोष्ट.

बारच्या वरच्या फळीवर, कुलपाच्या काचकपाटात, एक बाटली होती. हॉटेलच्या पहिल्या मालकाने आणलेली, धुराचीच, बाटलीत भरून चाळीस वर्षं झालेली. लेबल जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं पडलेलं. दादा नोकरीला लागला तेव्हा ती तिथे होती आणि मालक त्याला सांगून गेला होता, हिला सांभाळ. दादाने सांभाळली. अडतीस वर्षं, दर महिन्याच्या एक तारखेला, तो कुलूप उघडायचा, बाटली दोन्ही हातांनी उतरवायची, हलकेच आडवी करून दहापर्यंत मोजायचं, म्हणजे बूच आतून ओलं होतं आणि आकसत नाही, आणि पुन्हा उभी करून जागच्या जागी. वेटर लोक चेष्टा करायचे की आज दादांच्या बाळाला न्हाऊ घालायचा दिवस. दादा हसायचा. चेष्टेने त्याचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते आठ वर्षांपूर्वी. तळघराच्या पायऱ्यांवरून दादा पडला, गुडघा मोडला आणि पाच महिने घरी बसला. बदलीवर आलेल्या माणसाला एक तारखेचं काही ठाऊक नव्हतं. दादा परत आला तर बूच वाळून आकसलेलं आणि बाटलीतली पातळी दोन बोटं खाली गेलेली. हवेत उडून गेली होती ती. दादाला रडू यायचं बाकी राहिलं. त्याने बुचावर लाख ओतून तोंड बंद केलं आणि तेव्हाच्या मॅनेजरला सांगितलं. तो भला माणूस म्हणाला, असू दे, होतं असं. दोघांनी कुठे लिहून मात्र ठेवलं नाही. तो भला माणूस पुढे वारला, आणि मग त्या दोन बोटांची साक्ष द्यायला कुणीच उरलं नाही.

नवा मॅनेजर येऊन आठ महिने झाले होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, उगाच त्याला राक्षस करायला नको. चटपटीत, कडक इस्त्रीचा, सगळं पटापट उरकणारा. त्याने आल्या आल्या ग्लास धुण्याचं मशीन घेतलं. एका वेळी चाळीस ग्लास, लिंबाच्या वासाची पावडर, पंधरा मिनिटांत चकाचक. मावशीकडे उरले फक्त व्हिस्कीचे ग्लास, तेही दादाने हट्ट धरला म्हणून.

हॉटेलला साठ वर्षं होणार होती. त्याच दिवशी दादा निवृत्त होणार होता. मॅनेजरने ठरवलं की जुन्या वीस गिऱ्हाइकांना बोलवायचं, ती बाटली फोडायची आणि त्यातच दादाचा निरोप उरकायचा. कल्पना चांगली होती. पण पाहुण्यांपुढे फजिती नको म्हणून दोन आठवडे आधी त्याने एकट्याने, आपल्या ऑफिसात, लाख खरवडून बाटली उघडली. बूच हातात भुगा होऊन आलं. त्याने अर्धा पेग ग्लासात घेतला, सवयीप्रमाणे वर बर्फ टाकला आणि एक घोट घेतला. धूर? नावालाही नाही. त्याच कंपनीची आजची बाटली उघडली की चिमणीखाली उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि ही गोडसर, गपगार.

झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याने दादाला बोलावून तीन गोष्टी पुढे ठेवल्या. पातळी खाली आहे, लाख नंतर कुणीतरी ओतलेली आहे आणि आतल्या मालात धूर नाही. म्हणजे अस्सल माल कुणीतरी प्यायला आणि साधी व्हिस्की ओतून ठेवली. किल्ली अडतीस वर्षं एकाच माणसाकडे. दादाने सगळं सांगून पाहिलं, गुडघा, बूच, तो जुना मॅनेजर. सांगताना त्याचं त्यालाच ते बनवाबनवीसारखं वाटायला लागलं. मॅनेजर म्हणाला की मी बोभाटा करणार नाही, तुम्ही शनिवारपर्यंत राजीनाम्यावर सही करा आणि निमूट घरी जा. निरोपसमारंभ मात्र होणार नाही.

दादा तिथून थेट मावशीच्या खोलीत आला आणि स्टुलावर बसला. सव्वीस वर्षांत तो त्या स्टुलावर कधी बसला नव्हता. बारमन बसत नाही, असं त्याचंच तत्त्व. त्याने सांगितलेलं ऐकून मावशीच्या हातातला ग्लास सिंकमध्ये निसटला आणि त्याची कड उडाली. तिच्या हातून ग्लास खराब होणं म्हणजे काय, हे त्या हॉटेलातल्या कुणालाही विचारा.

"मी सही करतोय, छोटे," दादा म्हणाला. छप्पन्न वर्षांच्या बाईला तो अजून छोटी म्हणायचा. "आता या वयात भांडायचं कुणाशी?"

मावशीचा संताप झाला. दादा काही संत नव्हता. रविवारी घरी दोन पेग घ्यायचा आणि वहिनीचं बोलणं खायचा. पण हॉटेलच्या बाटलीतला थेंब त्याने कधी स्वतःच्या ग्लासात पडू दिला नव्हता, हे ती पैजेवर सांगू शकत होती. कारण त्याचे ग्लास धुणारी तीच होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरीच झालेली नव्हती. सही केली तर ती चोरी कायमची झाली असती. मग उद्या दादा रस्त्याने जाताना लोक काय म्हणणार? हाच तो, बाटलीवाला. अडतीस वर्षांची गोळाबेरीज एवढी एकच.

ती ओल्या हातांनीच मॅनेजरच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली की मला ती बाटली हुंगू द्या, मी सांगते. मॅनेजरने तिला नीट बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण. बहिणीच्या नाकावर मी निकाल देऊ?"

मुद्दा बरोबर होता. पुढे त्यानेच सांगितलं की शुक्रवारी व्हिस्कीची चव पारखणाऱ्या एक बाई येणार आहेत, त्यांचा शब्द शेवटचा. त्या जर म्हणाल्या माल सच्चा, तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने जेवता जेवता विचार केला आणि म्हणाला की इंजिन खराब आहे की नाही हे थंड असताना कुणी ठरवत नाही, चालवून बघावं लागतं. मावशी म्हणाली, तुमचं आपलं काहीतरीच. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिने हॉटेलातले सर्वांत चांगले ग्लास काढले, ट्यूलिपच्या फुलासारखे, वर निमुळते. सहा होते, त्यातला एक त्या दिवशी कड उडालेला, म्हणजे उरले पाच. पाचही तिने असे धुतले की जणू त्यांचं लग्न आहे.

दुपारी दोनला पारखीबाई आल्या. सत्तरीच्या, हातात काठी, गळ्यात चष्मा, बोलणं मोजकं. काउंटरशी त्या बसल्या, पलीकडे मॅनेजर, कोपऱ्यात दादा. काउंटरच्या टोकाला राजीनाम्याचा कागद आणि त्यावर पेन ठेवलेलं. वेटर लोक उगाचच टेबलं सरळ करत होते. मावशी आपल्या खोलीच्या झुलत्या दाराआड उभी राहिली.

एका ग्लासात आजची बाटली, दुसऱ्यात जुनी. पारखीबाईंनी पुढे ठेवलेलं बर्फाचं भांडं हाताने बाजूला सारलं, दोन्ही हुंगल्या, घोट घेतले, बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या की नवीत धूर दारातच उभा आहे. जुनीत पिकलेलं फळ आहे, मध आहे, जुनं लाकूड आहे, आणि धूर अगदी मागे, शेजारच्या घरात चूल पेटल्याइतका. एवढी वर्षं बाटलीत राहिली की धूर असा मवाळ होतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. पण साधी व्हिस्की घालून पातळ केली तरी असाच मवाळ लागेल. वय की भेसळ, हे नुसत्या घोटावरून मी शपथेवर सांगणार नाही.

बाई प्रामाणिक होती, आणि त्या प्रामाणिकपणानेच घात केला. मॅनेजरने मान हलवली, म्हणजे शंका आहेच. दादा उठला, काउंटरपाशी आला आणि त्याने पेन उचललं. कागद त्याने नीट सरळ केला, गिऱ्हाइकाचं बिल सरळ करावं तसा. तो सराईतपणा बघून मावशीला जास्त लागलं.

तिने दार ढकललं. बारच्या पुढच्या बाजूला, गिऱ्हाइकं बसतात त्या फरशीवर, सव्वीस वर्षांत तिने पाऊल टाकलं नव्हतं.

"भरलेल्या ग्लासात काय शोधताय?" ती म्हणाली. "रिकामा होऊ द्या, वाळू द्या. मग विचारा त्याला."

मॅनेजर काही बोलणार, तेवढ्यात पारखीबाईंनी काठी वर करून त्याला थांबवलं. त्यांनी मावशीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं की हे तुम्हाला कुणी शिकवलं. मावशी म्हणाली, ग्लासांनी. जे उडून जायचं ते उडून जातं, तळाशी राहतं ते खरं. पारखीबाई हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. म्हणाल्या की मीसुद्धा घरी हेच करते, पण लोकांपुढे रिकामा ग्लास हुंगत बसायची लाज वाटते.

मग ठरलं ते असं. मावशी बहीण, म्हणून तिने आधीचे दोन ग्लास धुऊन ठेवून बाहेर जायचं. मॅनेजरने स्वतः सहा ग्लासांत त्याला हवं ते ओतायचं, कशात काय ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पारखीबाईंच्या पर्समध्ये टाकायची. ग्लास ओतून रिकामे करायचे आणि पाच वाजेपर्यंत खिडकीत वाळत ठेवायचे. मग मावशीने सांगायचं.

ते अडीच तास मावशीने मागच्या गल्लीत उलट्या क्रेटवर बसून काढले. दादा बाहेर आला आणि शेजारी बसला. दादाने एकदाच म्हटलं की तू उगाच मध्ये पडलीस, उद्या तुझीही नोकरी जाईल. ती म्हणाली, गेली तर गेली, मशीन आहेच.

पाचला तिने साध्या पाण्याने हात धुतले, आत आली. खिडकीशी ट्रेमध्ये सहा ग्लास, प्रत्येकाखाली आकडा लिहिलेला कागद. तिने आधी स्वतःच्या बाहीचा वास घेतला. नाक कोरं करायचं तर आपलाच वास घ्यावा लागतो, ही तिची युक्ती. पारखीबाईंनी भुवया उंचावल्या आणि चिठ्ठी उघडून डोळ्यांपुढे धरली.

पहिला ग्लास. ही नवी बाटली, राख अजून गरम आहे, ती म्हणाली. दुसरा. ही रोजची, बिनधुराची, नुसती साखर. पारखीबाईंनी दोन्हीला मान डोलावली. वेटरांचं टेबलं सरळ करणं थांबलं.

तिसरा ग्लास तिने नाकाशी नेला आणि डोळे मिटले. फळ, मध सगळं उडून गेलं होतं आणि मागे उरला होता धूर. मवाळ नाही, मागे नाही, समोर, स्वच्छ, थंड पडलेल्या चुलीसारखा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसा. तिने ग्लास जागेवर ठेवला आणि शांतपणे सांगितलं की ही जुनी, आणि एकटीच आहे.

चौथ्याला तिने दोनदा हुंगलं. कपाळाला आठी पडली. मॅनेजर काउंटरला टेकून उभा होता, तो सरळ झाला. मावशी म्हणाली की हिच्यात दोन आहेत. जुनी आहे, आणि वरून ती रोजची ओतलीय. धूर आहे पण त्याच्या अंगावर साखर चिकटलीय, पुसली जात नाही.

पारखीबाईंनी चिठ्ठी वाचली आणि हळूच म्हणाल्या, "निम्मी निम्मी. बरोबर." मॅनेजरने मुद्दाम टाकलेला डाव होता तो, आणि त्याच डावाने त्याचा सगळा खटला निकालात निघाला. भेसळ केली तर ग्लास बोलतो, आणि तिसरा ग्लास भेसळीबद्दल एक शब्द बोलला नव्हता. पारखीबाईंनी तिसरा आणि चौथा स्वतः हुंगून पाहिले. हातच्या काकणाला आरसा कशाला?

पाचवा पुन्हा जुनीच, मॅनेजरने चकवायला ठेवलेली. मावशी चकली नाही. राहिला सहावा. तो तिने उचलला आणि हुंगायच्या आधीच थबकली, कारण तो ग्लास तिने धुतलेला नव्हता. आकाराने वेगळा होताच, पण बोटांनाही तसं जाणवलं. मग तिने तो हुंगला आणि मॅनेजरकडे वळली.

"यातही जुनीच आहे, साहेब. पण ग्लास मशीनमधला आहे. लिंबू धुराच्या उरावर बसलंय, धुराला तोंडच उघडू देत नाही."

मॅनेजर म्हणाला की पाचच ग्लास होते, सहावा मीच मशीनच्या रॅकमधून घेतला, त्यात काय एवढं. बोलता बोलता त्याचाच आवाज खाली आला. मावशीने त्याला एकच प्रश्न विचारला, अगदी मायेने. त्या दिवशी ऑफिसात तुम्ही जुनी चाखलीत, ती कुठल्या ग्लासात?

सगळा बार त्याच्याकडे बघत होता, आणि तो त्या सहाव्या ग्लासाकडे. मशीनमधला ग्लास, वर बर्फ, आणि एक घाईचा घोट. एवढ्यावर त्याने अडतीस वर्षं कचऱ्यात टाकायला घेतली होती.

पारखीबाईंनी पर्समधून स्वतःचं पेन काढलं, चिठ्ठीच्या मागे दोन ओळी लिहिल्या, बाटली सच्ची आहे, आत दुसरं काही नाही, आणि खाली सही केली. पातळीचंही सांगितलं. बूच आकसलं की एवढी उडतेच, उलट त्या माणसाने लाख ओतली नसती तर आज पिण्यासारखं काही उरलं नसतं. मॅनेजरने राजीनाम्याचा कागद उचलून चार तुकडे केले. दादाजवळ गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, मी चुकलो." म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग वळून काउंटर पुसायला लागला, कारण डोळे पुसायची त्याची तीच पद्धत.

आणि मावशी? मावशी हसत होती. मोठ्याने, दात दाखवून, वेटरांनी कधी पाहिलं नव्हतं तसं. एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. ती म्हणाली, पुरे झालं, सहा ग्लास पडलेत धुवायचे.

साठाव्या वाढदिवसाला वीस जुनी गिऱ्हाइकं आली, पारखीबाई आल्या, वहिनी आली, मावशीचा नवरा अंगाला साबण घासघासून आला. बाटली मधोमध ठेवली होती. रीत अशी की पहिला पेग सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाचा. दादाने मापाने ओतला, तो वयोवृद्ध गृहस्थ हात पुढे करून बसला होता, आणि दादा त्याच्यासमोरून ग्लास घेऊन सरळ चालत मागच्या दाराशी गेला. मावशी तिथे उभी होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"अडतीस वर्षं लोकांना पाजतोय," तो म्हणाला, "आणि तू सव्वीस वर्षं त्यांचं उरलेलं हुंगतेयस. आज आधी तू."

मावशीने नवऱ्याकडे बघितलं. त्याने घे, घे, अशी खूण केली. तिने घोट घेतला. आधी जीभ भाजली, मग गोड काहीतरी पसरलं, पिकलेलं, मग ते गेलं आणि घशाच्या मागून, सावकाश, अगदी ओळखीच्या पावलांनी धूर आला. तिला आजवर गोष्टीचा फक्त शेवट ठाऊक होता. सुरुवात आत्ता कळली. तिने उरलेलं थेंबाथेंबाने संपवलं, आणि वेटर ग्लास न्यायला आला तर तिने दिला नाही. खोलीत नेऊन फळीवर उभा ठेवला, उपडा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली तर दादा गल्लीत दाराशी उभा. निवृत्तीचा पहिला दिवस आणि हा माणूस नेहमीच्या वेळेला हजर. पाय आपोआप इकडे वळले, असं काहीसं म्हणाला. ती त्याला आत घेऊन गेली, स्टुलावर बसवलं आणि फळीवरचा तो ग्लास, तिचा स्वतःचा, पहिला, हुंगला. मग तिने तो दादाकडे दिला.

दादाने हुंगला. बराच वेळ ग्लास नाकाशीच धरून बसला.

"आईची इस्त्री," तो म्हणाला.

मावशी बघतच राहिली. सव्वीस वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. दादाने अडतीस वर्षं सांगितलं नव्हतं. म्हणूनच तो त्या बाटलीला दर एक तारखेला दोन्ही हातांनी उतरवायचा, आणि म्हणूनच सगळ्या हॉटेलात हिला नोकरी लावून दिली ती नेमकी या खोलीत. तिला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदमच आलं.

दादा उठला. त्याने बाह्या वर सारल्या, तिला हाताने बाजूला केलं आणि सिंकशी उभा राहिला. तीनदा कढत पाणी, साबण नाही. मग हात फडक्याकडे गेला, तशी ती नुसती त्याच्याकडे बघू लागली, आणि दादाने निमूटपणे ग्लास फळीवर उपडा ठेवला.